सळईच्या पोटात काय दिसतं? हेन्री सॉर्बीच्या पद्धतीने पोलाद मायक्रोस्कोपखाली बघायचं कसं

सळईचा नाहीतर कानशीचा तुकडा मायक्रोस्कोपखाली बघायचा असेल तर एक गोष्ट आधीच डोक्यात फिट्ट करा, मायक्रोस्कोप सगळ्यात शेवटी येतो. त्याच्या आधी दोन-तीन तास नुसती घासाघाशी आहे आणि चित्र चांगलं येणार की वाईट हे तिथेच ठरतं. लॅबमधली पोरं चारशे नंबरच्या घासायच्या पेपरवरून थेट पॉलिशच्या मखमलीवर उडी मारतात, सँपल आरशासारखं चमकलं की खूश होतात, आणि मग स्क्रीनवर ओरखडे दिसले की लेन्स खराब आहे म्हणतात. लेन्स बरी असते हो.

ही पद्धत ज्याने बसवली तो हेन्री क्लिफ्टन सॉर्बी, इंग्लंडमधल्या शेफील्डचा. जन्म १८२६, मृत्यू १९०८. हत्यारं बनवणाऱ्या घराण्यातला माणूस, १८४७ ला वडील गेले आणि पोटापाण्याची चिंता नको एवढा पैसा हातात आला, तर याने कारखाना वाढवायच्या ऐवजी घरातच लॅब थाटली. युनिव्हर्सिटीची पायरी विद्यार्थी म्हणून कधी चढला नाही. सुरुवात दगडांपासून केली. दगडाची चकती इतकी पातळ घासायची की तिच्यातून उजेड आरपार जाईल आणि मग ती मायक्रोस्कोपखाली ठेवायची. त्या काळात लोक हसले, डोंगर काय मायक्रोस्कोपने बघायचे असतात का म्हणून, पण १८५७ मध्ये रॉयल सोसायटीने त्याला फेलो करून घेतलं. दगडांवरून तो उल्कांवर आला, उल्कांमधल्या लोखंडावरून साध्या लोखंडावर, आणि १८६३-६४ मध्ये पॉलिश करून अ‍ॅसिड लावलेलं पोलाद त्याने मायक्रोस्कोपखाली ठेवलं.

आता तो पहिलाच होता का, तर अगदी तसं नाही. व्हिएन्नात विडमानश्टेटनने १८०८ मध्ये उल्कांच्या लोखंडावरची नक्षी उठवून दाखवली होती, रशियात अनोसोवने १८३१ मध्ये पोलादावर अ‍ॅसिड लावून ते मायक्रोस्कोपने बघितलं होतं. बाकी कारागीर मंडळी पोलाद मोडायची आणि मोडलेल्या तोंडाचा दाणा बघून माल बारीक की जाड ते सांगायची, ते आजही वर्कशॉपात चालतं. पण मोडलेल्या तोंडावर दिसतं ते पोलाद कुठून मोडलं तेवढंच. सॉर्बीने काय केलं, तर आतली रचना न बिघडवता सपाट पृष्ठभाग कसा काढायचा आणि त्यावर वरून उजेड कसा पाडायचा हे शिस्तीत बसवलं. त्याचं खरं काम हे. म्हणून खालचा सगळा वेळ मी त्याच क्रमाने जाणार आहे आणि घासण्यावर जास्त बोलणार आहे, कंटाळा आला तरी वाचा.

सँपल कुठलं घ्यायचं

पहिल्यांदा करताय तर टीएमटी सळई घ्या, १२ किंवा १६ एमएमची. बांधकामाच्या साइटवर कापलेले तुकडे पडलेले असतात, विचारून घ्या. तिच्यात गंमत अशी की कडेचा भाग आणि मधला भाग वेगवेगळा असतो आणि तो फरक साध्या डोळ्यांनीही दिसतो, त्यामुळे मायक्रोस्कोप नसला तरी हात रिकामा राहत नाही. दुसरं सँपल साधा खिळा. तिसरं जुनी झिजलेली कानस, हिच्यात कार्बन भरपूर, एक टक्क्याच्या वरच. चौथं बिडाचा तुकडा, भंगारवाल्याकडे फुटक्या पंपाची बॉडी वगैरे मिळते. रेल्वेचा रूळ हे फार सुंदर सँपल आहे पण ते कॉलेजमधून किंवा रीतसर मिळालं तरच, रुळाच्या आसपास पडलेल्या वस्तूंना हात लावू नका.

सॉर्बीच्या काळात टीएमटी नव्हती. त्याच्या शहराचा खास माल होता ब्लिस्टर स्टील. नरम लोखंडाच्या पट्ट्या कोळशाच्या भुकटीत पुरून भट्टीत दिवसचे दिवस तापवायच्या, कार्बन बाहेरून आत मुरत जायचा आणि पट्टीवर फोड यायचे. तसली एक भट्टी शेफील्डमध्ये अजून जपून ठेवलेली आहे, बाटलीच्या आकाराचं विटांचं धुराडं आहे ते. आता विचार करा, ज्या पट्टीत कडेला कार्बन जास्त आणि मध्ये कमी, ती आडवी कापून बघितली की एकाच तुकड्यात सगळ्या प्रकारचं पोलाद ओळीने बघायला मिळणार. सॉर्बी योग्य गावात जन्माला आला होता.

कापणं

हॅकसॉने कापा, हळू, पाणी किंवा कटिंग ऑइल सोडत. ग्राइंडरने कापायचा मोह होतो, दहा सेकंदात काम होतं, पण कापलेल्या तोंडावर निळा-जांभळा रंग आला म्हणजे तिथलं पोलाद तापलं, आणि पोलाद तापलं म्हणजे रचना बदलली, तुम्ही बघणार आहात ती ग्राइंडरने बनवलेली रचना. कापलंच असेल तर ते तोंड दोन-तीन एमएम कानशीने उडवा आणि पुढे जा. कानस मात्र हॅकसॉने कापली जाणार नाही, ती ब्लेडच खाईल. ती व्हाइसमध्ये धरा, वर फडकं टाका, गॉगल घाला आणि हातोडीने तोडा, ती काचेसारखी तुटते आणि तुकडे उडतात म्हणून फडकं.

कुठल्या दिशेने कापायचं तेही ठरवा. रोलिंग केलेल्या मालात मळ, म्हणजे सल्फाइडचे वगैरे कण, लांबीच्या दिशेने ताणले जातात. सळई आडवी कापली तर ते ठिपके दिसतील, उभी चिरली तर रेघा दिसतील. दोन्ही बघितल्याशिवाय माल स्वच्छ आहे की घाण यावर मत देऊ नये असं माझं म्हणणं आहे.

साचा

तुकडा बोटात धरता येत असेल, म्हणजे १५-२० एमएमचा असेल, तर साचा नको, तसाच घासा. खिळ्यासारखं बारीक काही असेल तर मात्र साचा पाहिजेच. कॉलेजात बेकलाइटचं गरम प्रेस असतं, ते चालतं, फक्त पाणी दिलेलं, म्हणजे लाल तापवून पाण्यात बुडवलेलं कडक पोलाद त्यात घालू नका, तिथे साधारण १५० डिग्री तापमान जातं आणि कडक पोलाद तेवढ्यानेही थोडं नरम पडतं. घरी करायचं तर दातांच्या कवळीला वापरतात ती कोल्ड क्युअर पावडर आणि लिक्विड, डेंटल मटेरियलच्या दुकानात मिळते. पीव्हीसी पाइपची इंचभर उंचीची रिंग कापा, आतून व्हॅसलीन लावा, काचेवर ठेवा, सँपलचं बघायचं तोंड खाली, वरून मिश्रण ओता. लिक्विडचा वास उग्र असतो, खिडकी उघडी ठेवा आणि ज्योत जवळ नको. तासाभरात दगड होतो. पाठीमागे खिळ्याने नंबर कोरून ठेवा, चार सँपलं झाली की कुठलं कुठलं ते ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही.

घासणं, म्हणजे खरं काम

आधी कानशीने तोंड सपाट करा आणि कडा किंचित मारून घ्या, नाहीतर पेपर फाटतो. मग वॉटर पेपर, म्हणजे काळा सिलिकॉन कार्बाइडचा, हार्डवेअरच्या दुकानात मिळतो तोच. १२०, २२०, ४००, ६००, ८००, १००० आणि १२०० किंवा २००० असा क्रम, आकडा मोठा तेवढा पेपर बारीक. पेपरच्या मागे नंबरच्या आधी पी आहे का बघा, कारण दोन वेगळ्या मापपद्धती चालतात, पी १२०० चा कण साधारण १५ मायक्रॉनचा (एक मायक्रॉन म्हणजे एमएमचा हजारावा भाग) आणि पी नसलेला अमेरिकन ६०० जवळपास त्याच मापाचा. दोन्ही मिसळले तर तुम्ही बारीक पेपर समजून जाड पेपर वापराल आणि मागचे सगळे कष्ट पाण्यात.

जाड काच घ्या, ती सपाट पाहिजे, खिडकीची जुनी काचही चालते. त्यावर ओला पेपर चिकटवा, सँपल ठेवा आणि एकाच दिशेने, पुढे-मागे, न डुलवता घासा. गोल गोल फिरवू नका, कारण मग जुने ओरखडे कुठले आणि नवे कुठले ते कळतच नाही. सगळे ओरखडे एका दिशेचे झाले की सँपल धुवा, हातही धुवा, पुढचा पेपर घ्या, आणि सँपल ९० डिग्री फिरवून घासा. आता आधीच्या पेपरचे ओरखडे आडवे दिसतील, ते गायब होईपर्यंत घासायचं. आणि इथे थांबायचं नाही. गायब झाल्यावर अजून तेवढाच वेळ घासायचं. कारण ओरखड्याच्या खाली धातूचा थर दबलेला, विस्कटलेला असतो, ओरखडा गेला तरी तो थर राहतो, आणि पुढे अ‍ॅसिड लावलं की तोच थर भूत बनून वर येतो. ज्यांची सँपलं बिघडतात त्यांच्यातल्या बहुतेकांची इथे बिघडतात.

सॉर्बीकडे वॉटर पेपर नव्हता. तो एमरीने घासायचा, मग स्कॉटलंडमधला एअर नावाचा भाग आहे तिथल्या मऊ बारीक धारेच्या दगडावर पाण्याने, आणि शेवटी ओल्या मऊ चामड्यावर लोखंडाच्या ऑक्साइडची लाल पावडर लावून, सोनार वापरतात ती रूज म्हणजे तीच जात. त्याचा जोर या गोष्टीवर होता की चमक म्हणजे पॉलिश नाही. कटलरीवाले सुरी चकाकवतात तसं दाबून चोळलं तर वरचा धातू पसरतो, भेगा-भोकं बुजतात, दिसायला झकास आणि आत काय आहे ते काहीच कळत नाही. ज्या गावात सुऱ्या चमकवणारे हजारोंनी होते त्या गावात राहून हा वेगळा विचार करायचा म्हणजे बघा.

दाब बेताचा ठेवा. जोर केल्याने काम लवकर होत नाही, सँपल डुलतं आणि तोंडाला दोन-तीन पातळ्या येतात, मग मायक्रोस्कोपखाली अर्धं फोकसमध्ये आणि अर्धं धूसर.

पॉलिश

लॅबमध्ये फिरती चकती, तिच्यावर मखमल, ३ मायक्रॉनची डायमंड पेस्ट, मग १ मायक्रॉनची, किंवा अ‍ॅल्युमिना पावडरचं पाणी. घरी काचेवर मखमलीचा तुकडा ताणून चिकटवा आणि ब्रासोसारखं मेटल पॉलिश वापरा, शंभर ते दोनशे पटीपर्यंतच्या चित्राला तेवढं पुरतं. इथे मात्र सँपल फिरवत राहायचं, एकाच दिशेने घासलं तर प्रत्येक कणाच्या मागे धूमकेतूसारखी शेपटी तयार होते. दोन-पाच मिनिटं बास. जास्त वेळ पॉलिश करून मागच्या पेपरचे ओरखडे जातील ही आशा सोडा, जात नाहीत, उलट मऊ भाग खोल जातो आणि कडक भाग उंच राहतो. ओरखडा दिसला की मुकाट ८०० वर परत जा.

बिडाच्या बाबतीत अजून जपा, त्यातलं ग्रॅफाइट मऊ असतं, जास्त चोळलं की उपटून निघतं आणि तुम्हाला ग्रॅफाइटच्या जागी खड्डे दिसतात.

झालं की साबणाच्या पाण्याने कापसाने धुवा, स्पिरिटने पुसा, हेअर ड्रायरने वाळवा. बोट लावायचं नाही.

अ‍ॅसिडच्या आधी एकदा बघून घ्या. हा टप्पा सगळे गाळतात. नुसत्या पॉलिशवर बिडातल्या ग्रॅफाइटच्या काळ्या वाकड्यातिकड्या पट्ट्या स्वच्छ दिसतात, पोलादातला मळ दिसतो, भेगा दिसतात. अ‍ॅसिड लावल्यावर गर्दी होते आणि मळ कुठला, रचना कुठली हे वेगळं काढता येत नाही.

अ‍ॅसिड

सॉर्बी अगदी पातळ नायट्रिक अ‍ॅसिड वापरायचा. आज सगळ्या लॅबमध्ये नायटाल वापरतात, म्हणजे ९८ मिली इथेनॉलमध्ये २ मिली तीव्र नायट्रिक अ‍ॅसिड. नेहमी अल्कोहोलमध्ये अ‍ॅसिड, थेंब थेंब, हलवत. उलटं कधीच नाही. अ‍ॅसिटोन या मिश्रणाच्या जवळपास आणायचं नाही. लागेल तेवढंच बनवायचं, घट्ट बूच लावून साठवायचं नाही, टक्केवारी वाढवून लवकर उरकायचं तर अजिबात नाही, कारण जास्त तीव्र मिश्रण साठवलं तर ते स्वतःहून तापून फुटू शकतं. गॉगल, हातमोजे आणि धूर बाहेर ओढणारं कपाट असलेल्या लॅबमध्ये, शिकवणारं माणूस शेजारी असताना हे करायचं. घरी नायट्रिक अ‍ॅसिड आणू नका, एवढं माझं ऐका.

घरच्यासाठी फेरिक क्लोराइड आहे. सर्किट बोर्ड बनवणाऱ्यांना लागतं म्हणून इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात तयार सोल्युशन मिळतं. त्याचा एक भाग आठ-दहा भाग पाण्यात. पोलादावर याने नायटालइतकं बारीक काम होत नाही पण सळईची रिंग, जुन्या लोखंडाचे धागे, पितळेचे दाणे हे सगळं निघतं. डाग मात्र कायमचे पडतात, किचनच्या ओट्यावर करू नका, घरात भांडण होईल.

क्रिया साधीच आहे. सँपल चिमट्यात धरून बुडवा किंवा कापसाच्या बोळ्याने लावा. नायटालमध्ये नरम पोलादाला ५ ते २० सेकंद. नजर तोंडावर ठेवा, आरशाची चमक जाऊन किंचित दुधी झालं की लगेच वाहत्या पाण्याखाली, मग स्पिरिट, मग गरम हवा. कमी लागलं तर परत बुडवता येतं. जास्त लागून काळं पडलं तर परत पॉलिशवर जावं लागतं, म्हणून कमीकडून सुरू करा. कार्बन जास्त तेवढा वेळ कमी, हा अंदाज चार सँपलांत येतो.

टीएमटी सळईला तर ६०० च्या पेपरपर्यंत घासलं तरी पुरतं. अ‍ॅसिड थोडा जास्त वेळ ठेवा आणि कडेने काळपट रिंग, मध्ये फिकट गोल असं उमटेल. रोलिंगमधून लालभडक बाहेर पडलेल्या सळईवर पाण्याचा मारा करतात, बाहेरचा थर झटक्यात गार होऊन कडक होतो, आतल्या उष्णतेने तो परत थोडा शेकला जातो, आणि आतला भाग सावकाश गार होऊन नरम राहतो. रिंग सगळीकडून सारखी नसेल, एका बाजूला तुटलेली असेल, तर पाण्याचा मारा नीट बसलेला नाही. घर बांधताना सिमेंटचा ब्रँड चारचौघांना विचारणारे लोक हे का तपासत नाहीत मला कळत नाही.

सॉर्बीचा एक जुना प्रयोगही करून बघण्यासारखा आहे. त्याने १८६४ मध्ये पोलादाला खोल अ‍ॅसिड देऊन, त्यावर शाई लावून, सरळ कागदावर छापा काढला होता. त्यासाठी जुनं घडीव लोखंड उत्तम, हाताने ठोकलेला जाड खिळा किंवा कडीचा मोडका तुकडा, ज्यात भट्टीचा मळ धाग्यांसारखा अडकलेला असतो. उभा चिरा, फेरिक क्लोराइडमध्ये चांगला अर्धा तास ठेवा, धुवून वाळवा, रबर स्टँपच्या पॅडवर हलका दाबा आणि पातळ कागदावर उमटवा. लाकडाच्या रेषांसारख्या रेघा येतात. वाड्याच्या दारावर अजून शाबूत असलेला खिळा मात्र यासाठी उपटू नका, मोडका मिळाला तरच.

आता मायक्रोस्कोप

बायोलॉजीच्या मायक्रोस्कोपमध्ये उजेड खालून येतो आणि धातूतून तो आरपार जात नाही, त्यामुळे सगळं काळं. उजेड वरून, आणि शक्यतो लेन्सच्या आतूनच खाली पडला पाहिजे. मेटॅलर्जीच्या मायक्रोस्कोपमध्ये ती सोय आतच असते. सॉर्बीला ती सोय स्वतः करून घ्यावी लागली. एकदा बाजूने तिरका उजेड पाडायला वाकडा आरसा, आणि एकदा लेन्सच्या अर्ध्या भागावर छोटासा चपटा आरसा बसवून उजेड सरळ खाली. दोन्ही उजेडात तो एकच जागा बघायचा आणि ही सवय फार चांगली आहे. सरळ उजेडात सपाट भाग पांढरा आणि खड्डे काळे, तिरक्या उजेडात बरोब्बर उलटं. काळा दिसणारा डाग खड्डा आहे की वेगळा पदार्थ, याचं उत्तर बऱ्याचदा दुसऱ्या उजेडात मिळतं.

घरी साधा मायक्रोस्कोप असेल तर ४ पटीच्या लेन्सखाली, सँपल आणि लेन्सच्या मधल्या जागेत, पातळ कव्हर ग्लास ४५ डिग्रीत तिरकी टेकवा, प्लॅस्टिसीनच्या गोळीवर बसते, आणि बाजूने एलईडीचा उजेड तिच्यावर आडवा मारा. काच थोडा उजेड खाली वळवते आणि परत आलेला आपल्याला दिसतो. १० पटीला कशीबशी जागा मिळते, ४० ला नाहीच. यूएसबी मायक्रोस्कोपही चालेल पण त्याचा उजेड कडेने येतो हे लक्षात ठेवून चित्र वाचा.

सँपल लेव्हलला पाहिजे. स्लाइडवर प्लॅस्टिसीनचा गोळा, त्यावर सँपल, वर टिश्यू पेपर आणि एक सपाट पट्टी ठेवून सरळ खाली दाबा. साचा समांतर असेल तर बघायलाच नको.

सुरुवात कमी पटीने करा, सगळं तोंड फिरून बघा, मग आत शिरा. नरम पोलादात पांढरे बहुकोनी दाणे दिसतील ते फेराइट, जवळपास शुद्ध लोखंड, आणि मधेमधे काळपट ठिपके. हे काळे ठिपकेच सगळी गोष्ट आहेत. १८६४ मध्ये सॉर्बीलाही ते नीट उलगडले नव्हते. त्याने फोटो दाखवले, कारखानदारांनी बघितले आणि विषय तिथेच राहिला, तो स्पेक्ट्रोस्कोपी, म्हणजे उजेडाचे रंग फोडून पदार्थ ओळखणं, आणि बाकीच्या पन्नास गोष्टींत रमला. नंतर त्याने स्वतःच सांगितलंय की त्या दिवसांत रेल्वेचा अपघात झाल्यावर मी रूळ मायक्रोस्कोपने तपासा म्हटलं असतं तर मला वेड्यांच्या इस्पितळात पाठवायला योग्य माणूस ठरवलं असतं. पुढे जर्मनीत मार्टेन्स आणि फ्रान्समध्ये ऑस्मोंद यांनी हेच काम उचललं, तेव्हा शेफील्डच्या या गृहस्थाची लोकांना आठवण झाली.

१८८० च्या दशकात तो परत पोलादाकडे वळला आणि या वेळी ६५० पटीने बघितलं. काळा ठिपका फुटला आणि आत पट्ट्या निघाल्या, एक मऊ एक कडक, एक मऊ एक कडक, अशा एकाला एक लागून. पट्ट्या इतक्या बारीक आणि सारख्या की त्यांच्यावर पडलेला उजेड शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखा रंग फेकतो, म्हणून तो त्याला मोत्यासारखा घटक म्हणाला, आज आपण पर्लाइट म्हणतो. १८८६ आणि १८८७ मध्ये इंग्लंडच्या लोखंड-पोलाद संस्थेच्या (आयर्न अँड स्टील इन्स्टिट्यूट) जर्नलमध्ये हे छापून आलं. यातली मऊ पट्टी फेराइट, कडक पट्टी सिमेंटाइट म्हणजे लोखंड आणि कार्बनचं संयुग.

तुम्हाला त्या पट्ट्या बघायच्या असतील तर १० पटीच्या लेन्सने दिसणार नाहीत, कितीही झूम करा, मोबाइल कितीही मेगापिक्सेलचा असू दे. १० च्या लेन्सची बारीक बघायची ताकद साधारण १.३ मायक्रॉन आणि पर्लाइटच्या पट्ट्यांमधलं अंतर बऱ्याचदा अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास किंवा त्याहून कमी. ४० ची लेन्स अर्ध्या मायक्रॉनपर्यंत जाते, १०० ची ऑइलवाली अजून खाली. आणि सँपल सावकाश गार केलेलं असेल तर पट्ट्या जाड होतात, मग ४० ला आरामात दिसतात. ते कसं करायचं ते पुढे आहे.

ठिपक्यांवरून कार्बनचा अंदाजही काढता येतो. फोटोवर चौकोनी जाळी टाका, रेघा जिथे छेदतात ते बिंदू मोजा, त्यातले किती पर्लाइटवर पडले ते बघा. सगळंच पर्लाइट असेल तर कार्बन ०.७७ टक्क्यांच्या जवळ. अर्धं असेल तर साधारण ०.४, पाव असेल तर ०.२. एकाच फोटोवर विसंबू नका, पाच-सहा जागा घ्या. आणि हे गणित सावकाश गार झालेल्या पोलादालाच लागू पडतं, टीएमटीच्या कडेला नाही, पाणी दिलेल्या हत्याराला तर नाहीच.

एकच पोलाद, तीन रूपं

हा प्रयोग नक्की करा, याशिवाय बाकी सगळं अर्धवट आहे. ट्रकच्या पाट्याचा जुना तुकडा घ्या आणि तापवायच्या आधीच त्याचे तीन बोटभर तुकडे कापून ठेवा, पाटा कापला जात नसेल तर कानशीचेच तीन तुकडे करा. पहिला जसाच्या तसा. दुसरा लाल होईपर्यंत तापवा, चुंबक चिकटायचं बंद झालं की अजून जरा तापवा, मग राखेत गाडून रात्रभर सोडून द्या. तिसरा तेवढाच तापवून थेट पाण्यात. कोळशाची भट्टी असलेला लोहार ओळखीचा असेल तर त्याच्याकडेच जा, त्याला रंगावरून बरोबर कळतं, आणि हत्याराला पाणी देणं म्हणजे काय हे तो तुमच्यापेक्षा चांगलं सांगेल. पाण्यात टाकताना गॉगल हवाच, तुकडा तडकतो कधीकधी.

राखेतल्या तुकड्यावर कानस चालेल, पाण्यातल्यावर ती नुसती घसरेल. दोघांचाही वरचा एक-दीड एमएमचा थर घासून काढा, कारण आगीत तापताना वरचा कार्बन जळून जातो आणि तिथे खोटंच नरम पोलाद दिसतं. मग वरची सगळी घासाघाशी. राखेतल्या तुकड्यात जाड पट्ट्यांचं पर्लाइट सापडेल, आणि कार्बन अर्ध्या टक्क्याच्या आसपास असेल तर त्याच्याभोवती फेराइटची पांढरी जाळी. पाण्यातल्या तुकड्यात पट्ट्या नाहीत, सुयांचा गुंता दिसेल, तो मार्टेन्साइट, मार्टेन्सच्या नावाचा. सॉर्बीच्या नावानेही पोलादातली एक रचना आहे, सॉर्बाइट, पण ते नाव आता पुस्तकांतही क्वचितच सापडतं. केमिकल टेस्ट केलीत तर तिन्ही तुकड्यांचा रिपोर्ट जवळपास सारखाच येईल. म्हणूनच तुटलेला एक्सल नुसता केमिकलला पाठवून कारण शोधणाऱ्यांचं मला नवल वाटतं.

फोटो आणि जपणूक

मोबाइल आयपीसला टेकवून फोटो चालतो, स्टँड केला तर बरा. पण ४०० पट वगैरे लिहू नका, स्क्रीन बदलली की पट बदलते. स्टेज मायक्रोमीटरचा, म्हणजे बारीक मापाच्या रेघा कोरलेल्या काचेचा, एक फोटो त्याच लेन्सने काढून ठेवा आणि प्रत्येक चित्रावर मायक्रॉनची पट्टी टाका. सोबत माल कुठला, कुठल्या दिशेने कापला, शेवटचा पेपर कुठला, अ‍ॅसिड कुठलं, किती सेकंद, कुठला उजेड, एवढं लिहाच.

सँपल आपल्या दमट हवेत, त्यातून कोकणात नाहीतर मुंबईत, एका रात्रीत गंजतं. सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या घट्ट डब्यात ठेवा. सॉर्बी पॉलिश केलेल्या तोंडावर कॅनडा बाल्सम नावाचा पारदर्शक डिंक लावून वर पातळ काच बसवायचा, आणि त्याची सँपलं शेफील्डमध्ये अजूनही बघण्यासारखी आहेत. आपल्याला एवढं नको, बिनरंगाचं नेलपॉलिश एक हात मारलं तरी काही महिने निघतात, नंतर थिनरने काढून परत बघता येतं. वापरलेलं फेरिक क्लोराइड बेसिनमध्ये ओतू नका. धुण्याचा सोडा थोडा थोडा टाकत जा, फेस यायचा थांबला की गाळ खाली बसू द्या, आणि तो वेगळ्या बाटलीत भरून लॅबच्या केमिकल कचऱ्यात द्या. पितळ केलं असेल तर त्यात तांबं उतरलेलं असतं, तो गाळ झाडांना घालू नका.